अहो म्हणणारी साळुंकी

पक्षी कधीही खोटं बोलत नाहीत. माणूस बोलतो, वर्तमानपत्र बोलतं, हवामानाचा अंदाज तर शपथेवर बोलतो. परंतु सृष्टीच्या आरंभापासून आजतागायत एकाही पक्ष्याने कुणाला फसवलेलं नाही, हे त्रिकालाबाधित सत्य प्रभाकर गायधनी यांनी सोमेश्वरच्या अलीकडे, नदीकाठच्या सिमेंटच्या बाकावर बसून जाहीर केलं.

तेवढ्यात समोरच्या बाभळीतून शिकऱ्याची किंकाळी आली. गवतात किडे टिपणाऱ्या साळुंक्यांची पांगापांग झाली. एकीच्या चोचीतली गुबगुबीत अळी खाली पडली. बाभळीतून एक काळा कोतवाल सूर मारून आला, त्याने ती अळी उचलली आणि परत फांदीवर जाऊन दुभंगलेली शेपटी सावरत नाश्त्याला बसला. शिकरा कुठेच नव्हता. शिकऱ्याचा आवाज काढून साळुंक्यांच्या तोंडचा घास पळवणं हा कोतवालाचा जुना धंदा आहे, आणि हे गायधनींना चांगलं ठाऊक होतं.

"काय म्हणाले तुम्ही?" शेजारी बसलेल्या निजामभाईंनी विचारलं.

"काही नाही," गायधनी म्हणाले.

निजामभाईंना ऐकायला कमी येई. भद्रकालीतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हवाली करून ते गंगापूर रोडला राहायला आले, तेव्हा कान तिथेच टिकटिकीत ठेवून आले होते. नजर मात्र अजून केसासारखी स्प्रिंग पकडेल अशी. गायधनींचं उलट. पाटबंधारे खात्यात हयात कागद वाचण्यात गेल्यामुळे डोळे दमलेले, कान शाबूत. "धोबी पक्षी बोलतोय," असं गायधनी म्हणत आणि "तो बघा, पंपाच्या खोलीवर," असं निजामभाई म्हणत. दोघांचा मिळून एक पक्षीनिरीक्षक होई. त्यांपैकी एकाला सर्दी झाली की त्या दिवशी नदीकाठी पक्षीच नसत.

"निजामभाई, एक गोष्ट सांगायची आहे," गायधनी कानाशी वाकून म्हणाले. "माझी बायको बोलायला लागली आहे."

निजामभाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. शालनताई गेल्या त्याला आता दुसरी दिवाळी होऊन गेली होती आणि खांदा द्यायला निजामभाई स्वतः होते.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "रात्री जेवले होते ना?"

*

त्याचं झालं होतं असं. गायधनींच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीच्या भिंतीत, बिल्डरने एसीच्या पाइपासाठी एक भोक ठेवलं होतं. एसी काही आला नाही. "नाशकात कशाला लागतोय एसी," असं नाशिककर पंचवीस वर्षांपूर्वी म्हणायचे आणि घाम पुसत अजूनही म्हणतात. त्या भोकात साळुंक्यांनी संसार थाटला. उन्हाळ्यात पिल्लं झाली. बाकीची उडून गेली, एक मात्र उडाली आणि परत आली. तिच्या उजव्या पंखातलं एक पीस वाकडं होतं, एवढी तिची ओळख. रोज सकाळी कठड्यावर यायची, ठेवलेला भात खायची, गायधनींकडे पिवळ्या डोळ्याने बघायची. भात साधासुधा नव्हता. शालनताईंच्या काळापासून तांदूळ घोटीहूनच येई आणि माणसं कमी झाली म्हणून तांदळाची जात उतरवायची, हे गायधनींना पटत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका थंड सकाळी गायधनी दुर्बीण डोळ्याला लावून समोरच्या उंबरावरचा हळद्या शोधत होते. मागून आवाज आला.

"अहो."

गायधनींनी दुर्बीण काढली नाही. डावा हात मागे केला आणि पंजा उभा धरला. म्हणजे थांब, बोलू नकोस, पक्षी उडेल. लग्न झाल्यापासून ते हेच करत आले होते. शालनताई स्वयंपाकघरातून "अहो" म्हणायच्या आणि गॅलरीतून हा पंजा उभा राहायचा. त्या बापड्या मग दारातच पदराला हात पुसत थांबायच्या, कधी कंटाळून आत जायच्या. त्यांना काय सांगायचं होतं ते बहुतेक वेळा राहूनच जायचं.

हळद्या उडाला. पंजा हवेतच होता. गायधनींनी वळून त्या पंजाकडे पाहिलं आणि मग त्याच्या पलीकडे. दारात कुणी नव्हतं. कठड्यावर साळुंकी होती.

"अहो," ती म्हणाली. आणि पाठोपाठ घशातल्या घशात, "ख्हं."

*

खरं म्हणजे दिवाळी झाली की त्यांनी पुण्याला लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. स्नेहलने त्यांच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती, पांढरी, दवाखान्यासारखी स्वच्छ. फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. गायधनींची हरकत नव्हती. हरकत घ्यायला कारण लागतं आणि त्यांच्याकडे ते नव्हतं. ते आता आलं होतं.

"बाबा, आवराआवर सुरू केलीत का?" फोनवर स्नेहलने विचारलं.

"अगं, एक अडचण आहे. तुझी आई हाक मारते."



"बाबा, तुम्ही बी-ट्वेल्व्ह कधी तपासलंत?"

"गॅलरीतून मारते. म्हणजे साळुंकी मारते. तिने आईचं ऐकून उचललंय. आता मी गेलो तर तिला भात कोण घालणार? नवीन भाडेकरू ते भोक सिमेंटने बुजवणार."

"आई जाऊन किती दिवस झाले बाबा, आणि साळुंकी तर ह्या उन्हाळ्यातली आहे म्हणालात."

"तिच्या आईने ऐकलं असेल. तिने हिला शिकवलं."

हे शास्त्रीय स्पष्टीकरण स्नेहलने मंजूर केलं नाही. पाटबंधारे खात्यात असली स्पष्टीकरणं सहज मंजूर होत असत.

"मी रविवारी येते गाडी घेऊन," ती म्हणाली. "आणि पोटाचं काय? डाळ पचत नाही म्हणत होतात. फोडणीत हिंग घालता का?"

"डबी सापडत नाही."

"अजून? नवी आणा ना, बाबा! कोपऱ्यावर दुकान आहे."

"घरात असताना नवी कशाला?"

"कुठे आहे घरात?"

"आईने ठेवली आहे," गायधनी म्हणाले, जणू तिजोरीच्या किल्ल्याबद्दल सांगावं तसं.

*

पुरावा हवा म्हणून त्यांनी निजामभाईंना घरी बोलावलं. दोघे गॅलरीत खुर्च्या टाकून बसले. साळुंकी आली. भात खाल्ला. मान वाकडी केली.

"अहो. ख्हं."

"ऐकलंत?" गायधनी जवळजवळ ओरडले.

"चोच उघडली ते पाहिलं," निजामभाई म्हणाले. "गवाही पाहिजे तर चोचीपुरती देतो. आवाजाचं अल्ला जाणे." मग म्हणाले, "आमच्या शहनाजबी तर आता हाक मारतच नाहीत. उशी फेकतात. परवा खुळखुळा फेकला नातवाचा. पण बरं वाटतं साहेब. घरात काहीतरी फेकणारं माणूस आहे."

आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते एकदम घड्याळ बघायला लागले. निघताना जिन्यात त्यांनी गायधनींचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. गायधनी परत आले तेव्हा दोन खुर्च्या समोरासमोर होत्या. त्यांनी एक घडी करून आत ठेवली.

*

शनिवारी दुपारी खालच्या मजल्यावरची सुवर्णा वर आली. हातात ओली चादर होती. ती बँकेत नोकरीला, नवरा शेखर घरून कॉम्प्युटरवर काम करणारा. दोघंही गायधनींना काका म्हणत.

"काका, ही बघा." चादरीवर पांढरा, मधोमध काळसर, ताजा डाग होता. "ह्या आठवड्यातली ही तिसरी. तुमच्या गॅलरीतून येतो हा प्रसाद."

"साळुंकीचा आहे," गायधनी नीट निरखून म्हणाले. "उंबर खाल्लाय."

"खाऊ दे ना उंबर, पण आमच्या धुण्यावर कशाला?"

"बस, बस. तुला एक विचारायचंच होतं." गायधनींनी तिला खुर्ची दिली. शहानिशा करायची तर पुरती करावी, हा खात्यातला शिरस्ता त्यांनी सोडला नव्हता. "तू शेखरला अहो म्हणतेस का?"

सुवर्णाने चादर मांडीवर घेतली. "काका, मी त्याला शेखर म्हणते. रागावले की आडनावाने हाक मारते. का हो?"

"वरच्या कुलकर्णीबाई?"

"त्या 'अरे ऐक ना' म्हणतात. पलीकडची झेबा झीशानला 'जी' म्हणते, तेही फक्त सासू आली की. आपल्या बिल्डिंगीत अहो म्हणणारं कुणी उरलेलंच नाही."

गायधनींचा चेहरा उजळला. "म्हणजे तिचाच!" ते उठून उभे राहिले. "बिल्डिंगीत दुसरं कुणी म्हणतच नाही, तर साळुंकी शिकणार कुणाकडून? शालनकडूनच. सिद्ध झालं!"

सुवर्णा चादरीचं टोक बोटांनी दुमडत राहिली.

"काका," ती म्हणाली, "आपल्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. तुमच्याकडचं आमच्याकडे ऐकू येतं."

"मग?"

"तुम्हीच म्हणता, काका. रोज. सकाळी, 'अहो, चहा निवतोय.' दुपारी, 'अहो, गोळी घेतली का?' परवा म्हणालात, 'अहो, पुरे झाली ती दुर्बीण, पानं घेतलीत.' आम्हाला पहिल्यांदा वाटलं, कुणी पाहुणे आलेत. मी सांगणार होते तुम्हाला. शेखर म्हणाला, राहू दे."

गॅलरीत साळुंकी आली होती. तिला प्रसंगाचं काही नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "ख्हं."

"आणि हे शेवटचं खोकणं," सुवर्णा खालच्या आवाजात म्हणाली, "काकू कधी असं खोकायच्या का?"

काकू खोकायच्या नाहीत. गायधनी खोकत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामासारखं. खात्यात त्यांची नक्कल करणारे शिपाईसुद्धा ते खोकणं विसरत नसत. इतके दिवस ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं, कारण स्वतःचं कुणाला येतं?

"चहा घेतेस?" त्यांनी विचारलं.

"नको काका. चादर पुन्हा मशीनला लावते." दाराशी ती थांबली. "संध्याकाळी खिचडी करणार आहे. पाठवते."

*

थोड्या वेळाने स्नेहलचा फोन आला. उद्या सकाळी निघणार होती. गायधनींनी तिला सगळं सांगितलं, टिपणी वाचून दाखवावी तसं सरळ.

तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे आता अडचण नाही ना? मी येऊ ना घ्यायला?"

"ये तर खरी," गायधनी म्हणाले.

त्यांनी चहा केला. कपात गाळला, ओट्यावर ठेवला, आणि तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. आता त्यांना तो दिसत होता. त्यांनी तोंड मिटलं.

घर एकदम गप्प झालं. फ्रिज घरघरून थांबला. डक्टमधून खालच्या मशीनमध्ये चादर फिरल्याचा आवाज येत होता. कपावर साय धरायला लागली. चहा झालाय हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, आणि हे आज पहिल्यांदाच झालं असं गायधनींना वाटलं. आधीचे एवढे महिने त्यांनी ते कसंबसं पुढे ढकललं होतं. ते ओट्याशी उभे राहिले. दारातून गॅलरी दिसत होती, तिच्यातली एक खुर्ची, खुर्चीवर दुर्बीण. इथून ती एवढी लांब दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. इथे ते कधी उभेच राहिले नव्हते.

"अहो. ख्हं."

उन्हं कलली होती. कठड्यावर साळुंकी मान वाकडी करून उभी होती. आवाज गायधनींचाच होता, आता त्यात शंका नव्हती. पण शब्द काही त्यांचा नव्हता. तो त्यांनी उसना घेतला होता, आणि ज्या माणसाकडून घेतला त्या माणसाने तो आयुष्यभर उभ्या पंजाकडे बघून परत गिळला होता.

त्यांचा डावा हात सवयीने वर आला. अर्ध्यावर थांबला. खाली गेला.

"ओ," गायधनी म्हणाले.

साळुंकी उडाली नाही. पंजा उभा न धरताही पक्षी उडत नाही, ही माहिती कोणत्याच पुस्तकात नव्हती.

"ओ. आलो." ते निवलेला चहा घेऊन गॅलरीत आले. दुर्बीण खुर्चीवरून उचलून त्यांनी खाली ठेवली, आतली दुसरी खुर्ची आणून उघडली आणि समोर मांडली. साळुंकी टुणकन उडी मारून तिच्या पाठीवर बसली. खुर्चीखाली त्यांनी मांडतानाच कालचा पेपर पसरला होता, सुवर्णाच्या चादरीची आठवण ठेवून.

"उद्या स्नेहल येतेय," ते म्हणाले. "जेवून जाईल. मी काही जात नाही. ते भोक बुजवलं तर तू कुठे जाशील, आणि हाक मारलीस तर ओ कोण देणार?"

साळुंकीने पिवळ्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. खाली घंटागाडीचं गाणं कोपऱ्यावरून वळून लांब गेलं. गायधनींनी चहाचा घोट घेतला, घसा साफ केला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरचं काय सांगतंय ते ऐकायला पुढे वाकले.

"तर तेवढं एक सांग," ते म्हणाले. "हिंगाची डबी कुठे ठेवली आहेस? उद्या पोरीला वरण करायचंय."