घड्याच्या बुडावरचं नाव

डेल्फिना चार तास पिकअप हाकत आली ती एका घड्यासाठी. शेजारी बसलेली बारा वर्षांची नात टेरिन वाटभर एकच विचारत होती, "आजी, नक्की आईनेच केलाय ना तो?" आणि डेल्फिना दर वेळी "हो गं बाई" म्हणून रस्त्याकडे बघत होती.

टेरिनची आई, म्हणजे डेल्फिनाची लेक ऑर्लिंडा, गेली तेव्हा पोर दोन वर्षांची होती. आईचा आवाज तिला आठवत नव्हता आणि चेहरा होता तो फोटोतलाच. तिच्या हातचं काहीतरी एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढाच तिचा हट्ट. तो पुरवायला डेल्फिना दहा वर्षं टाळाटाळ करत आली होती. का, ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

म्युझियम कॅन्यनच्या तोंडाशीच होतं. दारातला पहारेकरी शेजारच्या झुनी जमातीचा निघाला.

"आकोमा गावच्या का, आजीबाई?"

"कसं ओळखलंस?"

"कड्यावर राहणारी माणसं सपाट जमिनीवरही जपून पाय टाकतात. जा, तुमची भांडी तिसऱ्या दालनात आहेत. एवढी पातळ करता की झाडू मारतानासुद्धा मला धाकधूक."

"आणि तुमची एवढी जाड की पाणी ओतायला जागाच उरत नाही," डेल्फिना म्हणाली. तो खळखळून हसला. डेल्फिनाला मात्र हसू आलं नाही.

घडा काचेत एकटाच होता. पांढऱ्या अंगावर काळ्या केसाएवढ्या रेघांची पावसाची झड, तोंडापासून बुडापर्यंत, एकही रेघ दुसरीला चिकटलेली नाही. खाली आरसा ठेवला होता, बुडावरची सही दिसावी म्हणून. टेरिनने वाकून आरसा बघितला, मग शेजारची पाटी वाचली, मग पुन्हा आरसा.

"आजी, ह्याच्यावर तुझं नाव आहे."

"हं."

"मग आईचा कुठला?"

"हाच."

टेरिनने तिच्याकडे टक लावून बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. मी काय लहान आहे?"

भोवती टोप्या घातलेली पाहुणेमंडळी हिंडत होती. त्यांच्यासमोर बोलायचा तिला धीर होईना. "चल, आधी जुनी घरं बघून येऊ," ती म्हणाली.

पूर्वजांची ती घरं कड्याच्या पोटात, अर्ध्या तासाच्या चढावर. उंबऱ्यापाशी दोघींनी रिवाजाप्रमाणे मक्याच्या पिठाची चिमूट सोडली. एका भिंतीच्या लिंपणात बोटांचे ठसे तसेच राहिले होते. टेरिनने त्यांच्याजवळ आपलं बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"कुणाची गं ही बोटं?"

"आपल्याच कुणा बाईची. लिंपायचं काम बायकांचं."

"नाव काय तिचं?"

"कुणाला ठाऊक!"

"दुसऱ्या कुणीतरी सही ठोकली असेल," टेरिन म्हणाली. टोमणा सहज मारलेला होता, पण वर्मी बसला. डेल्फिना तिथेच दगडावर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

शहरातल्या मेळ्यासाठी व्यापाऱ्याने तिच्याकडे बारा घडे मागितले होते. त्या साली तिचं मनगट धरलं होतं, अकराच झाले. बारावा ऑर्लिंडाने केला. युक्काच्या झुडपाची पात चावून कुंचला केला आणि आठ दिवस मान वर न करता रंगवत बसली. अकरांपेक्षा तो सरस निघाला. व्यापाऱ्याला नाव हवं होतं डेल्फिनाचं. भाजायच्या आधी डेल्फिनाने त्याच्या बुडाशी स्वतःचं नाव घातलं.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. घडा उलटा धरून उभी राहिली, मला सही नीट करता यावी म्हणून. तू पोटात होतीस. त्यालाच पहिलं बक्षीस मिळालं. विजेत्याची फीत घ्यायला मी मंचावर गेले. तिने खालून टाळ्या वाजवल्या. घरी आली, कुंचला डब्यात टाकला, तो पुन्हा काही काढला नाही. हमरस्त्यावरच्या हॉटेलात कामाला लागली. तिथूनच येताना बर्फात गाडी घसरली."

टेरिनने पुन्हा भिंतीवरच्या ठशांकडे बघितलं.

"आईने आणखी केलेले असतील ना?"

"आधीचे सात होते. भाजताना तडकलेले. ती गेल्यावर मी दळले."

फुटकं भांडं त्यांच्याकडे टाकून देत नाहीत. दळून नव्या मातीत मिसळतात, तरच ती माती धरते. टेरिनने स्वतः कितीदा जात्यावर खापऱ्या दळल्या होत्या.

"सगळे?"

"सगळे. वाटलं, माझ्या प्रत्येक भांड्यात ती राहील."

"आणि त्या भांड्यांवर नाव कुणाचं?"

"माझं," डेल्फिना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. टेरिन जवळ आली नाही. ती एकटीच पायवाट उतरू लागली.

डेल्फिना धापा टाकत खाली पोचली आणि थेट म्युझियम सांभाळणाऱ्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. बाई भली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. "आजी, माझा विश्वास आहे. पण पाटी बदलायची तर वरचे लोक पुरावा मागतात. मुलीच्या हातचं दुसरं एखादं भांडं आहे का, ताडून बघायला?"

डेल्फिनाने नाही म्हणून मान हलवली. पुरावा तिनेच दळला होता.

बाहेर दारापाशी पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही होती. टेरिन तिच्यावर वाकून लिहीत होती. अक्षर मोठं, रेघेबाहेर जाणारं: 'तिसऱ्या दालनातला पावसाच्या रेघांचा घडा माझ्या आईने केला. तिचं नाव ऑर्लिंडा.'

तिने पेन आजीपुढे धरलं. "आता इथे सही कर."

डेल्फिनाने आयुष्यात हजारो भांड्यांवर सही केली होती, एकदाही हात अडला नव्हता. आज ती अक्षरं उमटेपर्यंत टेरिनला वही दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावी लागली. आईसारखीच धरली होती तिने. डेल्फिनाने नाव लिहिलं आणि खाली आणखी तीन शब्द घातले: 'घडा माझा नव्हता.'

मागे एक पाहुणा खोळंबला होता. त्या दोघी बाजूला झाल्या. त्याने पान उलटलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं: 'छान आहे. स्वच्छता उत्तम.'