लेझर आलं, तरी मी हललो नाही

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही! रायपुरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या टेबलावर मान वाकवून मी उभा असतो. माझ्या भिंगांतून बघत डॉ. इरावतींनी कितीतरी मोतीबिंदू काढले.

तेव्हा माझा केवढा मान! काम संपलं की मऊ फडक्याने भिंगं पुसायची, वर खोळ चढायची. मग पलीकडच्या खोलीत लेझरचं मशीन आलं. त्याला हार घातला, पेढे वाटले. माझी खोळ फाटली, ती फाटलीच. "याला भनपुरीच्या भंगारबाजारात द्या," असंही कोणी म्हणून गेलं. अरे वा रे वा! लेझर नेमका गोल छेद घेतं, मोतीबिंदूचे तुकडे पाडतं, कबूल. पण ते तुकडे बाहेर काढायला रोगी माझ्याखालीच येतो ना?

यंदाच्या थंडीत सदर बाजारात ब्लाउज शिवणाऱ्या रमाबाई आल्या. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तर शेजारणी म्हणाल्या, पिकू द्या. मग म्हणाल्या, उन्हाळ्यात नको, थंडीत करा. वाट पाहता पाहता तो टणक झाला आणि सुईचं नाकही दिसेना. हा डोळा गेला असता तर सगळा अंधारच होता.

तपासणीची खोली माझ्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. त्यांचा मुलगा ऋषिकेश हटूनच बसला. "मम्मी, लेझर ही करवाएंगे. मशीन गलती नहीं करती."

"काहून रे पोट्ट्या, मशीनले डोळे असते का?" रमाबाईंनी विचारलं.

इरावतीबाई म्हणाल्या, "लेझर चांगलं आहे, काहींना त्याचा फायदाही होतो. पण खर्च बराच जास्त, आणि बहुतेकांची नजर शेवटी दोन्हींनी सारखीच येते. यांची तर बाहुली थेंब टाकूनही पुरती उघडत नाही. लेझरला आत जायला वाटच नाही. हाताने करण्यातही जोखीम आहे, ती मी लपवत नाही."

रमाबाई म्हणाल्या, "हातानंच करा, दीदी. मी बी जन्मभर हातानंच शिवून राहिली."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. इरावतीबाईंनी बारीक आकड्यांनी बाहुली रुंद केली आणि तो तपकिरी खडा अलगद बाहेर आणला. तेवढा वेळ मी मान तसूभर हलू दिली नाही.

पुढच्या तपासणीला रमाबाईंनी हट्टच धरला, मले ते यंत्र दाखवा. दाराशी उभ्या राहून त्यांनी मला डोळाभर पाहिलं.

"अगं माय! यानं मले दिसू दिलं, अन् हा असा उघडा?"

आठवड्याने त्या निळ्या कापडाची नवी खोळ घेऊन आल्या. इरावतीबाईंच्या हातात देताना म्हणाल्या, "सुईत दोरा मीच ओवला, हं." ऋषिकेश बाजूला उभा राहून डोळे पुसत होता.

मित्रांनो, लेझरचं कौतुक खुशाल करा. पण घरच्यांच्या मोतीबिंदूला 'पिकू दे' म्हणू नका, आणि आमची भिंगं पुसायला विसरू नका. मला न्यायला भंगारवाला आलाच तर येऊ द्या. खोळीच्या नाडीला रमाबाईंनी गाठ मारली आहे, ती आधी सोडवून दाखव म्हणावं!