निंगप्पाशेटचा पिवळा हात

मंदी आली, पेठेतले माग थांबले, आणि वडाखाली एक स्वामी येऊन बसले.

"गिऱ्हाईक रुसलं न्हाय, लक्ष्मी रुसली हाय," स्वामी म्हणाले. "कुणाच्या तरी चोरट्या पापानं पेठ बुडाली."

ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. शेजारी पापी निघाला की आपलं पाप आपोआप हलकं होतं.

परातीत देवीची ओली हळद. हात बुडवायचा, पापी असेल तर रक्त उमटणार. पहिला हात निंगप्पाशेटचा. माग त्यांचे, रंगखाना त्यांचा, दारूविरुद्धचं प्रवचनही त्यांचंच. हात पिवळाधमक निघाला. लोक पाया पडले.

रंगखान्यात अजून थोडं काम होतं; तिथं राबणाऱ्या मल्लव्वाला शेटच्या माणसानं उकळत्या सुतावरून तशीच उठवून आणलं होतं. "हात धुवायला येळ न्हाय, पुसून चल." शेट रंगखान्याच्या मागच्या खोलीत रोज बाटली घेऊन बसतात, हे ती नळावर बोलली होती, आणि ते शेटच्या कानावर गेलं होतं.

तिनं हात बुडवला. बोटं लाल झाली.

सकाळी तिच्याच चुलीतला विस्तव नेलेल्या बाळाबाईनं पोराला पदराआड ओढलं. मागच्यांनी वाकून दगड उचलले.

"दिवस मावळायच्या आत पेठ सोड," स्वामी म्हणाले.

"कुटं जाऊ?"

गर्दीतून शाळेचे सिद्धनाथ मास्तर पुढं आले. "मल्लव्वा, सूत कशात उकळत होतीस?"

"सोड्यात की."

"मी केम गावचा. आमच्याकडं कुंकू करतात. हळदीला सोड्याचा, चुन्याचा खार लागला की ती लाल होते. बाळाबाई, तुमच्या कपाळावर हेच पाप आहे."

त्यांनी स्वामींच्या ताटातलं लिंबू मल्लव्वाच्या बोटांवर पिळलं. लाली उतरली, बोटं पिवळी झाली. मग शेटच्याच पानाच्या चंचीतला चुना घेऊन शेटच्या पिवळ्या तळव्यावर चोळला.

तळवा लाल झाला.

"शेट, तुमचंबी निघालं की," कुणीतरी म्हणालं.

दगड हातातच होते, फक्त तोंडं शेटकडं वळली. मघाशी मल्लव्वावर रोखलेले तेच डोळे. मल्लव्वा शेटच्या पुढं येऊन उभी राहिली.

"दगड टाका," ती म्हणाली. "माज्या पापानं माग थांबलं न्हाईत, यांच्या बाटलीनंबी न्हाईत. का थांबलं ते परातीला काय इचारता? थांबवणारा मालक हितं उभा हाय, त्याला इचारा. तोंडानं इचारा."

एक दगड खाली पडला. बाकीच्या दगडांचा आवाज यायची वाट बघत ती तशीच उभी राहिली.