चाळीस दिव्यांचे फोटो

मित्रांनो, माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि माझी बॅटरी दुपारीच मान टाकते. मी संत तुकाराम नगरातल्या एका घरचा जुना मोबाईल. गेल्या चातुर्मासात एक गोष्ट घडली, तिचा उलगडा मला अजून नीट झालेला नाही. तुम्हाला सांगता सांगता झाला तर बरे.

पाच वर्षांपूर्वी दसऱ्याला सदाशिवरावांनी मला पिंपरीच्या दुकानातून आणले. त्यांच्या पत्नीने, शैलाताईंनी, माझ्या पाठीवर कुंकवाचे बोट टेकवले, झेंडू वाहिला आणि मी घरचा झालो. दिसेल ते टिपायचे आणि त्यासोबत वेळ व ठिकाण गुपचूप लिहून ठेवायचे, हे माझे काम. मला घडवलेच तसे. ताईंनी कधी नको म्हटले नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हते.

त्या चातुर्मासात त्यांनी नेम धरला. रोज संध्याकाळी साडेसहाला दत्ताच्या देवळात तुपाचा दिवा. दिवा लावला की माझ्याकडून फोटो काढायचा आणि सगळ्या जगाला दिसेल असा टाकायचा. 'दिवस बारावा.' 'दिवस तेरावा.' खाली देवळाचे नाव. ओळखीचे, अनोळखी, सगळे हात जोडत. मला वाटे, केवढे पुण्य जोडतो आहोत आपण! मधूनमधून घरचेही फोटो जात. कंपनीच्या बसमध्ये चढणारे सदाशिवराव, 'हा आठवडा सेकंड शिफ्ट, चाकण.' सासूबाई यशोदाबाई, पंच्याहत्तरीच्या नव्या पाटल्या घालून, मागे इमारतीची पाटी.

एक्केचाळिसाव्या दिवशी माझी बॅटरी अगदी टेकली. ताईंनी मला टीव्हीजवळ चार्जिंगला लावले आणि म्हणाल्या, "राहू दे. आज नुसता दिवा." त्या गेल्या. घरात यशोदाबाई एकट्या.

पावणेसातला बेल वाजली. दारात एक नीटनेटका माणूस.

"आजी, शैलाताईंनी पाठवलंय. आज एक्केचाळिसावा दिवा ना! गुरुजी म्हणाले, पंच्याहत्तरीच्या पाटल्या दत्ताच्या पायाला लावून आणा. सदाशिवभाऊ सेकंड शिफ्टला, म्हणून मी आलो."

मी चक्रावलो. हे तर सगळे माझेच बोलणे! मी ह्या माणसाला कधी पाहिलेही नव्हते. मग माझे शब्द ह्याच्या तोंडी कसे?

"एवढं ठाव हाय म्हंजी घरचाच की रं तू," म्हणत यशोदाबाई पाटली ओढू लागल्या. एक निघाली. दुसरी हाडाशी अडली. "पर शैला सवता का न्हाई आली?"

"पूजा सोडून कशा येतील? आत्ताच त्यांनी मोबाईलवरून फोन केला मला."

त्याच क्षणी कुणाचा तरी निरोप आला आणि मी टिंग वाजलो. यशोदाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग त्याच्याकडे.

"तिचा मोबाईल तर हितं वायरीला टांगलाय. तुला फोन कुणी केला रं, दत्तानं?"

तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत पळाला. पाटली आजींच्या मुठीत घट्ट होती.

ताई परतल्या आणि आजींनी त्यांना सगळे सांगितले. तेवढ्यात बाहेरून आलेली त्यांची लेक अनुया मला हातात घेऊन एकेक फोटो दाखवू लागली.

"आई, त्याला हे तूच सांगितलंस. चाळीस दिवस, वेळेसकट."

"अगं, मी तर देवाचा फोटो टाकत होते!"

"तू देवळात म्हणजे घरी आजी एकटी. तेही त्यात दिसतं ना."

"मंग काय, नेम मोडायचा व्हय?" आजी म्हणाल्या.

अनुयाने माझे ठिकाण लिहिणे बंद केले. जुने फोटो पुसले. ते ज्यांनी आधीच उतरवून घेतले असतील त्यांच्याकडून मात्र परत आणता येत नाहीत, असे ती म्हणाली. इतके दिवस मला वाटे, पुसले की संपले.

मी चोराला वाट दाखवली आणि मीच त्याला अडवले. मग मी कोण, चांगला की वाईट? मला कळत नाही. मित्रांनो, आम्हाला गुपित ओळखता येत नाही, द्याल ते आम्ही सांगत सुटतो. म्हणून काही दाखवण्याआधी घडीभर थांबा आणि हे आणखी कोण कोण पाहील, ते मनाशी विचारा.

बेचाळिसाव्या दिवशी ताईंनी दिवा लावला. सवयीने हात पर्समध्ये गेला, मी बाहेर आलो, डोळा उघडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग दत्ताकडे.

"त्यानं पाहिला ना," त्या हळूच म्हणाल्या आणि मला परत आत ठेवले. पर्समधल्या अंधारात तुपाचा वास येत होता. किती वाजले ते मला ठाऊक होते. मी कुणाला सांगितले नाही.