जितेपणीचा दहावा

गंगापूरच्या रस्त्याला मेंदीच्या कुंपणांमागं फुलांचे मळे होते. उजाडता उजाडता तिथल्या बाया शेवंतीच्या पाट्या डोक्यावर घेऊन नाशिकच्या बाजाराला निघायच्या, आणि त्यांच्या मागं वाटभर वास रेंगाळायचा. याच मळ्यांत सावळीराम राहत होता. मरणाच्या कामात त्याच्याइतका हुशार माणूस आसपास नव्हता. कुणाच्या घरी खोकला जरा लांबला की सावळीराम येऊन बसलाच. आधी तो आजाऱ्याचा चेहरा बघायचा, मग परसातली झाडं. तिरडीचे बांबू कुणाच्या बेटातले, मडकं कुठल्या कुंभाराचं, पुढं खांदा कुणाचा, रडायला आधी कुणी लागायचं, हे सगळं तो आजाऱ्याच्या उशाशी बसूनच ठरवायचा. "ऐन वेळी धांदल नको," म्हणायचा. धडधाकट माणसंही त्याला समोरून येताना बघून खोकला गिळायची.

त्या हिवाळ्यात तो गोजराबाईकडे आला.

गोजराबाई सत्तरीपलीकडची माळीण. जन्मभर फुलं ओवून ओवून तिची बोटं वाकली होती. रिकामी असली तरी दोरा धरल्यासारखीच दिसायची. नवरा कधीच गेलेला. मुलगा नाही. एक लेक, कमळाबाई, नवऱ्यानं टाकलेली, ती माहेरीच राबत होती. विहिरीकडचा शेवंतीचा तुकडा तिनंच खपून फुलवला होता. पण मळ्याची दिराशी वाटणी झालेली नव्हती. म्हातारी गेली की मळा सरळ पुतण्याच्या, चंदरच्या हाती जाणार, आणि कमळीला बोचकं उचलावं लागणार, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. चंदर तसा मायाळू. रोज येऊन काकी कशी आहे विचारायचा, आणि बरी आहे म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं.

सावळीरामानं अंगणातल्या आंब्याला वीत लावून पाहिली.

"मावशी, वाळलेला नाय, पण वेळेला चालंल."

गोजराबाई हार ओवत होती. वर न बघता तिनं ओवी म्हटली:

सरणाला माझ्या नको आंब्याला कुऱ्हाड
त्याच्या गं सावलीत माझ्या लेकीचं बिऱ्हाड

"आवाज खणखणीत हाय," सावळीराम जरा खट्टू होऊन म्हणाला. "म्हणजे अजून अवकाश हाय. बरं, अग्नी चंदर देणार, ते धरून चालू ना?"

"चंदरनं दिला तर मी पेटायची नाय."

"असं कसं, मावशी?"

"ओली राहीन. बसा फुंकत."

सावळीराम विचारात पडला. मेलेल्या माणसांनी त्याला असा त्रास कधी दिला नव्हता. मग एकाएकी त्याचा चेहरा उजळला. पंचवटीत एका निपुत्रिक सावकारानं मागं जीवश्राद्ध घातलं होतं. आपल्या हयातीत आपलं आपणच उरकून घ्यायचं. मागं अग्नी कुणाचा नि पिंड कुणाचा, भानगडच नाही. माळ्यांच्या आळीत असं आजवर झालं नव्हतं. पहिलं आपल्या हातून होणार, या विचारानं सावळीरामाचे डोळे भरून आले.

"कर बाबा," गोजराबाई म्हणाली. "सगळ्यांचं मी उभ्यानं बघितलं. माझं बसून बघीन."

चंदर आधी बिथरला. सावळीरामानं त्याला विहिरीमागं नेऊन समजावलं, "अरे, जीवश्राद्ध झालेलं माणूस लय टिकत नाय. मन उडतं त्याचं." मग चंदरनं त्याच दिवशी पत्रावळींसाठी माणूस धाडला.

ठरल्या दिवशी आळी गंगेवर, रामकुंडाला लोटली. गोजराबाई नवं लुगडं नेसून स्वतःच्या पायांनी घाट उतरली. सावळीरामानं बायांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणं शेजारीण नवसाबाईनं तिच्यासमोरच बसकण मारली आणि सूर लावला, "गोजरे, मला टाकून कुठं गेलीस गं बाई."

"हितंच हाय," गोजराबाई म्हणाली. "दमानं रड, घसा बसंल. पान खातीस का?"

नवसाबाईनं पान घेतलं आणि खाऊन पुन्हा सुरुवात केली.

भटजींनी सगळे विधी भराभर उरकले आणि पंचा झटकला. "झालं. जीवश्राद्धाला कावळ्याचं काही नसतं."

सावळीराम दुखावला. जन्मभराच्या कामात त्यानं काही उणं ठेवलं नव्हतं. "भटजी, कावळा शिवल्याबिगर आमच्यात दहावा होत नाय. उद्या लोक मला काय म्हणतील? पिंड ठेवा."

भटजींनी एकदा सूर्याकडे, एकदा सावळीरामाकडे बघितलं आणि भाताचा पिंड दर्भावर ठेवला.

भिंतीवर कावळ्यांची रांग होती. रामकुंडावरचे कावळे ते. गावोगावची दुःखं खाऊन त्यांची पोटं टम्म झालेली. एकानं चोच पुसली. दुसऱ्यानं पाठ फिरवली. कुणी खाली उतरेना.

रिवाजाप्रमाणं चंदर पुढं झाला. मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग जवळच्यानं ती ओळखून शब्द द्यायचा. चंदरनं पिंडाला हात जोडले.

"काकी, मळा मी जिवापाड सांभाळीन."

कावळे हलले नाहीत.

"काकी, दर साली तुझ्या नावानं पंगत घालीन."

एक कावळा उडाला आणि जरा लांब जाऊन बसला.

"काकी, तुझ्या तुळशीला पाणी घालीन."

"ते कमळी घालती," मागून गोजराबाई म्हणाली.

घाटावर हशा पिकला. नवसाबाई रडता रडता थांबली. "अरं चंदर, कावळ्याला काय विचारतोस? ती बसलीय की मागं. तिलाच विचार."

सावळीराम गडबडला. मेलेल्यानं बोलायचं नसतं, हे त्याच्या कामातलं पहिलं कलम. त्यानं आशेनं भटजींकडे बघितलं. भटजींना भूक लागली होती.

"विचारा," ते म्हणाले. "शास्त्रात मनाई नाही. असं काही कुणी करील हे शास्त्राला सुचलंच नव्हतं."

चंदर वळला. "काकी, काय इच्छा हाय तुझी?"

"ऱ्हातं घर नि विहिरीकडचा शेवंतीचा तुकडा, हे कमळीचं. ती जिती हाय तोवर तिला तिथनं कुणी उठवायचं नाय. ओंजळीत पाणी घे, गंगेत सोड नि सगळ्यांदेखत बोल."

चंदर हसला. "एवढंच ना? घरी गेल्यावर बोलू की निवांत."

"घरी गेल्यावर मी मेलेली. मेलेल्याशी कोण बोलतं?"

सावळीराम मधे पडला. "कावळा येत नसंल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. तशी सोय हाय. भटजी, करा."

भटजी दर्भ वळायला लागले. गोजराबाईनं आपली वाकडी बोटं त्यांच्या हातापुढं धरली.

"दर्भाचा कावळा मेलेल्याला. त्याला बिचाऱ्याला बोलता येत नाय, म्हणून तो चालवून घेतो. मी जिती हाय. मी बसते."

आणि ती पायरीवर मांडी घालून बसली.

ऊन पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत आलं. तिकडं मळ्यात आमटी गार होत होती, लाडूंवर माश्या बसत होत्या, आणि कावळा शिवल्याशिवाय कुणाला घास घेता येत नव्हता. सकाळी आळी चंदरच्या बाजूनं होती. भाऊबंदांचा मळा भाऊबंदांत राहावा, असं शहाणी माणसं म्हणत होती. पोटात कावळे ओरडायला लागल्यावर त्याच माणसांना कमळीचे कष्ट आठवू लागले.

"पोरगी राबली रे त्या तुकड्यात."

"तू कधी तिथं खुरपं धरलंस का, चंदर?"

"म्हण की लवकर. लेकरं भुकेजलीत."

कमळी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. ती आईजवळ सरकली. "माय, चल घरी. मला काय नको. ऊन लागंल तुला."

"तुला नको असंल," गोजराबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "मला पायजे. दहावा माझा हाय."

चंदरनं चारी बाजूंनी बघितलं. सगळी आळी त्याच्याकडे बघत होती, आणि कुणाच्याच डोळ्यांत माया नव्हती. तो पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाय आलं," नवसाबाई म्हणाली.

"घर नि विहिरीकडचा तुकडा कमळीचा. जन्मभर. मी तिला उठवणार नाय." त्यानं पाणी सोडलं.

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. एक कावळा उडाला, पिंडावरून गेला आणि पलीकडच्या कुणा परक्याच्या पिंडावर जाऊन बसला.

सावळीराम रडकुंडीला आला. "इच्छा पुरी झाली की, मावशी. तरी शिवंना. आता काय राहिलं?"

गोजराबाई कमळीच्या खांद्यावर भार देऊन उठली.

"काय नाय राहिलं. त्या पाखराला कशाला वेठीला धरतोस? मला ते चंदरच्या तोंडून ऐकायचं होतं." तिनं लुगड्याची धूळ झटकली. "लावा आता तुमचा दर्भाचा."