बारा बाटल्या आणि एक शहाणा पेशंट

माझे बाबा पंचवटीत होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत, आणि यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी त्यांच्याच गोळ्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. गेल्या वर्षीपर्यंत मला वर्गात साधी हजेरी मोठ्यानं देता यायची नाही. नववीत आल्यापासून मात्र मला कोणी गप्प बसवू शकत नाही. आई प्रयत्न करते.

"बाबा, तुमच्या गोळ्यांत आणि नुसत्या साखरेच्या गोळ्यांत फरक पडतो का, बघायचं?"

"बघ की! पडला तर पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहायचं, बाबा बरोबर होते."

"आणि नाही पडला तर?"

"तर दिवसभर तुझ्या स्टॉलवर उभा राहून मीच लोकांना सांगीन."

झालं! भाजीबाजारातल्या, रोज सकाळी शिंकणाऱ्या अकरा जणी तयार झाल्या. निम्म्या बाटल्यांत औषध नसेल, हे त्यांना आधीच सांगितलं. बारावे बाबा. त्यांना उठल्याबरोबर सलग नऊ शिंका येतात, शेजारच्यांना गजर लावावा लागत नाही. कुणाला कुठलं औषध, ते बाबांनी ठरवलं. बाटल्या माझ्या मैत्रिणीनं, यशश्रीनं भरल्या. वासावरून कळू नये म्हणून बिनऔषधाच्या कोऱ्या गोळ्यांवर तिनं नुसत्या स्पिरिटचे थेंब टाकले. कोणाला काय दिलं ती यादी पाकिटात बंद. मलासुद्धा दाखवली नाही. भांडून पाहिलं.

पंधरा दिवसांनी मी वही घेऊन बाजारात. शकुबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"शकुबाई, तुमची चार नंबरची बाटली संपली?"

"कवाच! मंग मनीषाची सातची काढली. तिची लय गुणाची निघाली, सगळ्यांनी खाल्ली."

"सगळ्यांनी?"

"मंग? गोड वस्तू एकटीनं खायची व्हय? बाजारात असं नाय चालत, पोरी. आता तर सगळ्या एकाच डब्यात ओतल्यात. सोपं पडतं."

मी खाली बसले.

"ऊठ, ऊठ! मेथीवर बसलीस!"

घरी येऊन भोकाड पसरलं. बाबा मात्र खुशीत.

"रडतेस काय? एक पेशंट आहे ना शिल्लक!"

खरंच होतं. बाबांनी गोळीला कधी हात लावला नाही, बाटलीच्या झाकणातून थेट जिभेवर. अर्धा तास आधी चहा नाही, कांदा तर पंधरा दिवस बंद. आणि शिंका नवावरून दोनवर!

"उघडा पाकीट," यशश्री पाकीट घेऊन येताच बाबा कॉलर ताठ करत म्हणाले.

यशश्रीनं उघडलं. वाचलं. परत वाचलं.

"काका... बारा नंबर कोरी."

आईनं नीट ऐकू यावं म्हणून मिक्सर बंद केला. बाबांनी बाटली उचलून वास घेतला. मला जिंकायचं होतं, पण त्यांचा चेहरा असा व्हायला नको होता.

"बाबा, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. शिंका आपोआपही कमी झाल्या असतील. मी बारा नंबर खोडते."

"खबरदार! पेशंट आवडला नाही म्हणून खोडायचा नसतो. लिही. त्या अकरा जणींचंही लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या शिंका मोजल्या. नऊ.

पोस्टरवर मी खरं तेच लिहिलं: 'अकरा जणींनी वाटून खाल्ल्या. एकानं सगळे नियम पाळले, त्याला साखर मिळाली. फरक पडतो की नाही, हे या प्रयोगातून कळलं नाही.'

म्हणजे बाबा हरले नव्हते. तरी ते दिवसभर स्टॉलवर उभे राहिले आणि येईल त्याला सांगत होते, "बारा नंबर मीच."

परीक्षक बाईंनी मला विचारलं, "मग पुढच्या वेळी काय सुधारणा करशील?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "सगळ्याच गोळ्या कडू करणार, मॅडम. मग बघू कोण वाटून खातं!"