अकरा नंबरचे ब्रेक

मित्रांनो, या शहरात धावून धावून म्हातारी झालेली मी एक बस आहे. माझ्या कपाळावर अकरा हा आकडा होता. 'अकरा नंबरची गाडी' म्हणजे आपले दोन पाय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझी थट्टा झाली. "अकरा नंबरने आलो," असे कोणी कचेरीत सांगितले, की "बसने की चालत?" हा प्रश्न ठरलेला. स्टेशन, कोर्ट, भाजीबाजार, मग मोठा उतार, खालचा पूल आणि पलीकडचे सरकारी रुग्णालय, एवढेच माझे जग. पण त्या जगात माझ्यावाचून पान हलत नसे.

मी कारखान्यातून आले तेव्हा माझ्या सीटवरचे प्लास्टिकही निघालेले नव्हते. ते ज्यांनी स्वतःच्या हाताने काढले, ते माझे ड्रायव्हर. सगळे प्रवासी त्यांना मामा म्हणत. मामांची वेळ इतकी पक्की, की कोपऱ्यावरचा औषधवाला मला बघून शटर वर करी. आगारातली सर्वांत नेटकी गाडी म्हणून मला एकदा पितळी पट्टी मिळाली. मामा ती रोज रुमालाने पुसत.

त्यांचा उजवा पाय मी जितका ओळखत होते, तितका त्यांच्या घरच्यांनीही ओळखला नसेल. तो ब्रेकवर असा अलगद टेके, की उभ्या बाईच्या हातातली दुधाची किटली हिंदकळत नसे.

माझ्या नवव्या वर्षी त्या पायाला काहीतरी झाले. तो पेडलवर पोते टाकावे तसा पडू लागला. कधी कडेवर, कधी अर्धा बाहेर. आणि मामा खाली बघू लागले. आपला पाय कुठे आहे हे त्यांना डोळ्यांनी शोधावे लागत होते. तेवढा वेळ रस्त्याकडे फक्त माझे दिवे बघत असत, आणि दिव्यांना काय दिसणार! साखरेच्या आजाराच्या गोळ्या मामांच्या शर्टाच्या खिशात असत, पण त्या खिशातून तोंडापर्यंत क्वचितच पोचत.

एका संध्याकाळी मामांनी तक्रारवहीत लिहिले, 'ब्रेक उशिरा लागतात.'

आगारात माझी देखभाल करणारे मिस्तरी म्हणजे मामांचे सख्खे मेहुणे, मामींचे धाकटे भाऊ. मामांनीच शब्द टाकून त्यांना इथे चिकटवले होते. त्यांनी माझ्या चारही चाकांचे ब्रेक उघडले, हवेच्या नळ्या तपासल्या, आगाराच्या आवारात मला पळवून पाहिले.

"दाजी, काहीच नाही हो सापडत."

"म्हणजे मी खोटं लिहितो?"

"तसं कुठे म्हणतोय मी?"

"मग नीट बघ."

पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार, महिन्याने पुन्हा. तिसऱ्या वेळी आगारप्रमुखांनी मिस्तरींच्या हातात नोटीस ठेवली. आणखी एक तक्रार आली, तर नोकरीवरून कमी. त्या दुपारी मिस्तरी डबा न उघडताच दिवा घेऊन माझ्या पोटाखाली शिरले. उताणे पडून बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बोल ना गं बाई, कुठे दुखतंय तुला?"

माझे काहीच दुखत नव्हते, मित्रांनो. ज्याचे दुखायला हवे होते, त्याला दुखत नव्हते.

मी बोलू शकले नाही, पण माझ्या कंडक्टर ताईंना डोळे होते. एकदा रुग्णालयाच्या थांब्यावर मामा खाली उतरले आणि त्यांची एक चप्पल माझ्या पायरीवरच राहिली. एक पाय अनवाणी, आणि मामा तापलेल्या डांबरावरून ताठ चालत निघाले!

"मामा, चप्पल!" ताई ओरडल्या.

मामा वळले, खाली पाहिले आणि हसले. "म्हातारा झालो गं."

ताई हसल्या नाहीत. "डॉक्टरला पाय दाखवा."

"दाखवला, आणि त्याने कागदावर काही लिहिलं, तर स्टिअरिंग जाईल. मग काय घरी बसून माशा मारू?"

"आणि तुमचे मेहुणे? त्यांना उगाच बोलणी बसतायत."

मामांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते बूट घालून येऊ लागले. ताईंनीही एक नियम केला. उतार यायच्या आत सगळी तिकिटे उरकायची आणि हँडब्रेकपाशी येऊन उभे राहायचे. रोज त्या उतारावर माझे पत्रे थंड पडत. माझ्यात साठ माणसे असत, हसत, भांडत, पेंगत. धोका ठाऊक असलेले आम्ही तिघेच.

तो दिवस आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कोर्टाचे लोक उतरून गेले होते, रुग्णालयाचे भरले होते. खाली पुलाच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता. अर्धा रस्ता रिकाम्या पिंपांनी अडवलेला, आणि चरात सहा कामगार छातीपर्यंत उतरलेले. मला वरूनच त्यांची डोकी दिसली.

मामांना वाटले, आपण ब्रेक दाबायला पाय उचलला. मला कळले, तो उचललाच गेला नाही. तो ॲक्सिलरेटरवरच होता, आणि मामा सगळा जोर लावून तोच दाबत होते.

मी गुरगुरत सुटले. थांबायचे माझ्या हातात नव्हते. मामा दात खाऊन आणखी दाबत होते. मागे कोणाची तरी पिशवी उलटली, कोणीतरी किंचाळले.

"मामा, पाय! पाय बघा!" ताई ओरडल्या.

मामांनी खाली पाहिले आणि पाय ओढून घेतला. तोवर ताई दोन्ही हातांनी हँडब्रेकला लटकल्या होत्या. माझी मागची चाके जागीच जाम झाली. रबर जळले. एक पिंप उडाले, दुसरे माझ्या तोंडाखाली चेपले आणि मी थांबले. चरातला एक कामगार माझ्या बंपरकडे बघत होता. त्याच्या कपाळात आणि माझ्यात वीतभर अंतर होते. त्याने हळूच हातातले फावडे खाली ठेवले.

कोणी मेले नाही. एका म्हाताऱ्या आजींचा चष्मा फुटला, दोघांना खोक पडली.

मग जमाव जमला. "ब्रेक फेल! ब्रेक फेल!" सगळ्यांनी एकच धोशा लावला. आगाराची गाडी आली. तिच्यातून आगारप्रमुख उतरले आणि मागून मिस्तरी. 'तीन तक्रारी आल्या होत्या,' असे आगारप्रमुख बोलून गेले आणि लोक मिस्तरींच्या अंगावर धावले. एकाने त्यांची कॉलर धरली. "हाच ना तो? तीनदा तक्रार झाली तरी झोपला होता!"

मिस्तरींनी कॉलर सोडवायला हातही उचलला नाही. समोर बहिणीचा नवरा उभा होता.

आगारप्रमुखांनी माझ्या बॉनेटवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या. ब्रेक निकामी, देखभालीत हलगर्जी. "मामा, इथे सही करा." पेन मामांच्या हातात आले. ताई त्यांच्याजवळ सरकल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असे म्हणाल्या, "तुम्ही सांगता की मी सांगू?"

मामांनी पेन टेकवले. पुन्हा उचलले. मग ते माझ्या पायरीवर बसले आणि उजव्या पायातला बूट काढला. मोजा लालभडक होता. बुटाच्या तळातून बोटभर स्क्रू आत घुसला होता. कधी घुसला हे मामांना माहीत नव्हते. सकाळपासून ते तो पायात घेऊन गाडी चालवत होते.

पुढे सरसावलेले लोक मागे सरले.

"साहेब, ब्रेक ठीक आहेत," मामा म्हणाले. "फेल माझा पाय झालाय. चार महिने झाले. मला कळत होतं. सोडा त्याला."

कॉलरवरचा हात सुटला. सगळ्यांत आधी खाली वाकले ते मिस्तरी. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी मामांच्या पायाला गुंडाळला. "दाजी, मला तरी सांगायचं होतं," एवढेच ते म्हणाले.

मामांची चौकशी झाली. लायसन गेले. साखरेच्या आजाराने बधिर झालेल्या त्या पायाची दोन बोटे कापावी लागली, पण पाय वाचला. त्यांना आगारात चौकशीच्या खिडकीवर बसवले. मी आणखी काही वर्षे दुसऱ्या हातांखाली धावले. पितळी पट्टी कोणी पुसेना, ती काळी पडली, मग कोणीतरी उचकटून नेली. पत्रे कुजले. शेवटी इंजिन काढून मला आगाराच्या भिंतीला लावून ठेवले.

आता माझ्यात कोणी चढत नाही. पण दर सोमवारी, पहिली फेरी सुटायच्या आधी, मामा लंगडत येतात. एकेका ड्रायव्हरला माझ्या पायरीवर बसवून बूट काढायला लावतात. हा नियम कोणत्याही कागदावर नाही. नवे ड्रायव्हर कुरकुरतात, "मामा, उशीर होतोय!" मामा ऐकत नाहीत.

मित्रांनो, यंत्राची कुरकुर ऐकायला मिस्तरी असतो. तुमच्या घरातही दिवसभर राबणारे कोणीतरी असेल, आणि 'मला काही होत नाही' असे म्हणत असेल. त्याच्याजवळ बसा. त्याचा शब्द प्रमाण मानू नका, नीट बघा. मामा तसेच बघतात. हातात कापसाचा बोळा असतो.

"डोळे मीट," मामा म्हणतात. "आता सांग, कुठल्या बोटाला लावलाय?"